नवा बायोगॅस प्लांट जरूर उभारा, पण आधी जुन्याचा हिशोब द्या

येत्या शुक्रवारी आपल्या नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, ओला कचरा आणि जनावरांच्या शेणापासून ऊर्जानिर्मिती प्रकल्पाचा सविस्तर अहवाल तयार करून घेण्याचा. नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत हात वर होतील, ठराव मंजूर होईल, चहा येईल. त्याआधी काही गोष्टी बोलायच्या आहेत. पोस्ट मोठी झालीये, सवडीने वाचा.

सुरुवात स्वतःपासून करतो. असाच एक प्रकल्प आपल्या गावात आधीच झालाय, हे किती जणांच्या लक्षात आहे? कचरा डेपोच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडे जाताना डाव्या हाताला. त्याच्या उद्घाटनाची बातमी मीच लिहिली होती. 'आता कचऱ्यातून उजळणार गाव' असा मथळा, चार कॉलम, फोटोसह. व्यासपीठावर कोण होतं, निधी कुठून आला, रस्त्यावरचे किती दिवे लागणार, सगळं त्यात होतं. रोज किती कचरा लागणार, तो वेगळा कोण करणार आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून प्लांट चालवणार कोण, हे त्यात नव्हतं. कारण मी ते विचारलंच नव्हतं. त्यानंतर तिकडे फिरकलोही नाही. तो बंद पडला, तेव्हा बंद पडल्याची बातमीसुद्धा आली नाही.

परवा मंगळवारी मुद्दाम गेलो. फलक अजून शाबूत आहे, त्यावरची नावंही वाचता येतात. आतल्या रस्त्यावर वेडी बाभूळ वाढलीये. जनरेटरच्या खोलीला कुलूप आहे, पण खिडकीला गजच उरलेले नाहीत. टाकीत काळं पाणी साचलंय आणि टाकीच्या तोंडावर झाकण नाही. या झाकणाचा विषय पुढे परत येणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, हा नेहमीसारखा विकासाच्या आड आला. तसं नाही. शेणापासून, खरकट्यापासून गॅस होतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण तो मी लहानपणी जळताना पाहिलाय. माझ्या आत्याच्या मळ्यात गोबरगॅस होता. सुट्टीत गेलो की सकाळी शेण आणि पाणी कालवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. गॅस भरला की लोखंडी ड्रम वर यायचा, संध्याकाळी स्वयंपाक झाला की खाली बसायचा. किती गॅस उरलाय हे ड्रमकडे बघूनच कळायचं. आत्या म्हणायची, "ड्रम खाली बसला, आता चहा मागू नका."

हिशोबही सोपा आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या घरगुती प्लांटला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे दारात चार-पाच मोठी जनावरं हवीत. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. प्लांट नीट चालला तर महिन्याला दोन सिलिंडरला थोडा कमी एवढा गॅस घरच्या घरी. शिवाय स्लरी मिळते ती वेगळीच.

ही काही नवी टूमही नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेलांनी तरंगत्या ड्रमचा प्लांट बनवला आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. १९८१-८२ पासून केंद्राची वेगळी योजना आली. आजवर देशात घरगुती प्लांट बांधून झालेत सुमारे ५० लाख. त्यातले चालू किती? आपल्याच तालुक्यात एक चक्कर मारा. घरामागे जुना खड्डा दिसेल, त्यात राखुंडा आणि फुटके पत्रे. आत्याचा ड्रम गंजला तो पुन्हा बसवलाच नाही. तो कापून भंगारात गेला.

ते प्लांट का बंद पडले, हे आधी समजून घ्यायला हवं. तंत्र फसलं म्हणून नाही. एक तर जनावरं कमी झाली. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गाई-बैल दीड कोटीच्या वर होते, २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. नांगराला ट्रॅक्टर आला, बैल गेले, दारात एखादी गाय उरली. दुसरं, पाणी. उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो तिथे शेण कालवायला ५० लिटर पाणी कोण देणार? तिसरं म्हणजे दुरुस्ती. बांधायला अनुदान होतं, पण व्हॉल्व्ह गळाला, डोमला तडा गेला, तर तो नीट करणारा गवंडी पंचक्रोशीत नव्हता. आणि चौथी गोष्ट कुणी बोलत नाही. शेण-पाणी कालवायचं काम बहुतेक घरांत बायकांच्या अंगावर पडलं आणि 'प्लांट चालू ठेवायचा का' हे ठरवायला मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. शेगडी पेटवली की झालं असा सिलिंडर दारात आल्यावर त्यांनी तो घेतला. त्यांचं काय चुकलं?

तरी एक प्लांट अजून चालू आहे. शेजारच्या वाडीतल्या एका काकूंचा. वीस वर्षांच्या वर झाली. मी विचारलं, "काकू, गॅस पुरतो का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "गॅसचं काय घेऊन बसलास, सिलिंडर पण आहेच की. मी स्लरीसाठी चालवते." त्यांच्या परसात भाजी आहे, पलीकडे दहा गुंठे गवती घास आहे. सगळीकडे स्लरी जाते. बी-बियाणांचं आणि भाजीचं पैशापाण्याचं त्याच बघतात. म्हणजे जिने शेण कालवायचं, तिच्याच हातात फायदा येतो. म्हणून प्लांट चालू आहे. मला वाटतं आपल्या नगरपरिषदेच्या अहवालात लिहायचं पहिलं वाक्य हेच असायला हवं.

आता आपला गावचा प्लांट कसा बंद पडला ते सांगतो. तिथे काम केलेल्या एका मुकादमाशी बोललो, नाव सांगत नाही. सुरुवातीला टाकीत शेण टाकलं होतं. दुधाला विरजण लावतात तसं ते असतं, गाईच्या पोटातले जिवाणू त्यातून टाकीत येतात. महिनाभर चांगला गॅस झाला. मग घंटागाडीतला कचरा मिसळून यायला लागला. प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, माती, चिंध्या. पाइप तुंबले. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून एकदम ट्रॉलीभर खरकटं आलं, ते एकाच दिवशी टाकीत ओतलं. टाकीला आंबट झालं, गॅस थांबला. अति खाल्लं की जनावराला जशी अपचनाने पोटफुगी होते, तोच प्रकार. पुढे गॅस थोडा सुरू झाला, पण तो न गाळताच इंजिनात गेला. बायोगॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो इंजिन खातो. इंजिन बिघडलं, दुरुस्तीचं बिल कुणी द्यायचं यावर पत्रव्यवहार झाला, ठेकेदाराची मुदत संपली. मुकादमाला परत झाडलोटीवर घेतलं. संपलं.

यात एकही गोष्ट अशी नाही, की जी आधी माहीत नव्हती.

बायोगॅस प्लांट ही इमारत नाही, ते जनावर आहे. त्याला रोज ठरावीक वेळेला, ठरावीक मापात, पचेल तेच खायला घालावं लागतं. 'आज रविवार आहे, गाईला वैरण नको' असं कुठल्या गोठ्यात म्हणतात? आणि आपण काय केलं? गोठ्याला रंग दिला, गोठ्याचं उद्घाटन केलं, गाय आणली आणि वैरणीची तरतूदच केली नाही. मग गाय मेली तर म्हणायचं, ही जातच वाईट.

दोष एकट्या आपल्या गावाचा नाही. २०१८ साली केंद्राने गोबरधन योजना जाहीर केली. ग्रामीण स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी एका जिल्ह्याला जास्तीत जास्त ५० लाख रुपये ठेवले. म्हणजे जिल्ह्यात एखादा प्रकल्प उभारून दाखवायचा. उभारणीला पैसे मिळतात, पण पुढची दहा वर्षं तो चालवायचा कसा, ते ज्याचं त्याने बघायचं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मोठ्या प्रकल्पांसाठी 'सतत' ही योजना आली. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प असं लक्ष्य होतं. मुदत उलटली तेव्हा सुरू झालेले प्रकल्प त्याच्या जवळपासही नव्हते. आता शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ पासून त्यात बायोगॅस मिसळणं बंधनकारक केलंय, १ टक्क्यापासून सुरुवात करून २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. मागणी वाढणार, तर गावोगावी असे प्रस्तावही येणार. म्हणून आत्ताच जागं व्हायला हवं.

हे जमतच नाही असंही नाही. सगळे इंदूरचं नाव घेतात. तिथला प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून १७,००० किलो सीएनजी. आपले पदाधिकारी पण तिकडे अभ्यासदौऱ्याला जाऊन आले, टाक्यांसमोर फोटो काढले. पण इंदूरचं खरं काम त्या टाक्यांत नाही, दारातल्या डब्यांत आहे. तिथे आधी घरोघरी कचरा वेगळा करायची सवय लावली, गाड्यांना वेगवेगळे कप्पे केले आणि मग प्लांट आला. आपण टाकीपासून सुरुवात केली, डब्यापर्यंत अजून पोचलो नाही.

दुसरं उदाहरण गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुऱ्याचं. तिथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने घरोघरी छोटे प्लांट बसवले आणि उरलेली स्लरी विकत घ्यायची व्यवस्था बायकांच्या सहकारी संस्थेमार्फत लावली. गॅस चुलीला, स्लरीचे पैसे हातात. आमच्या काकूंनी जे परसात केलं, तेच तिथे गावाने केलं.

आणि तिसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं, देहूचं. तुकोबांचं देहू सगळ्यांना माहीत आहे, डॉ. सुहास मापुसकर किती जणांना माहीत आहेत? १९६० च्या सुमारास ते तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. गावातले आजार उघड्यावरच्या घाणीमुळे आहेत हे बघितलं आणि औषधांबरोबर संडासही हातात घेतले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि शेण यांचं खत, गॅस यावर जे काम केलं होतं, तो वारसा त्यांनी पुढे नेला. संडासाला जोडलेला त्यांचा 'मलप्रभा' बायोगॅस प्लांट त्यातूनच आला. लोक मैल्याच्या गॅसवर स्वयंपाक करायला कसे तयार झाले असतील याचा विचार करा. फलक लावून झाले नाहीत. डॉक्टर तिथेच राहिले, वर्षानुवर्षं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पासाहेबांचा हेतू तर आणखी खोल होता. दुसऱ्याची घाण माणसाने हाताने उपसायची आणि पुन्हा त्यालाच खालचा मानायचं, हे थांबावं म्हणून ते स्वतः त्या कामात उतरले.

इथे आता त्या झाकणावर येतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीचा वापर बायोगॅसच्या खड्ड्यासारखा होत होता. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण वाचला. सडणाऱ्या शेणाच्या खड्ड्यात प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

आपल्या बंद प्लांटच्या टाकीला झाकण नाही. तिथून शंभर पावलांवर कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची पालं आहेत, पोरं तिथेच खेळतात. मंगळवारी माझ्या डोळ्यांदेखत एक पोरगं टाकीच्या कठड्यावर बसलं होतं. सातवा विषय मंजूर होवो न होवो, त्या टाकीवर झाकण आणि भोवती कुंपण शुक्रवारच्या आधी झालं पाहिजे. यासाठी डीपीआर लागत नाही. मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन बुधवारी दिलंय, पोच माझ्याकडे आहे. आणि टाकी उपसायची वेळ आली तर कुणाही सफाई कामगाराला तसंच आत उतरवू नका. यंत्राने उपसा.

आता नव्या प्लांटबद्दल. माझ्या चार मागण्या आहेत.

एक. टाकी बांधायच्या आधी सलग सहा महिने ओला कचरा वेगळा गोळा करून दाखवा. सगळ्या गावाचा नको. भाजी मंडई, आठवडे बाजार, हॉटेलं, मंगल कार्यालयं, गावातले तबेले, एवढ्यापासून सुरुवात करा. इथला कचरा एका जागी मिळतो आणि बराचसा स्वच्छ असतो. रोजचं वजन नोंदवा. जेवढं वजन खरोखर मिळतं तेवढ्याच मापाचा प्लांट बांधा. निधी मोठा मिळतोय म्हणून टाकी मोठी नको.

दोन. विजेच्या नादी लागू नका. गॅसपासून वीज करताना छोट्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते आणि इंजिन सांभाळावं लागतं ते वेगळंच. गॅस सरळ चुलीवर जाळा. इंदूरचाच हिशोब लावला तर एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यामागे सुमारे ३० किलो गॅस पडतो. समजा आपल्याला रोज पाच टन मिळाला, तर दिवसाला दहा सिलिंडरच्या बरोबरीचा गॅस कागदावर तरी दिसतो. त्याच्या निम्मा मिळाला तरी शाळांच्या पोषण आहाराचं एखादं मोठं स्वयंपाकघर किंवा वसतिगृह त्यावर चालेल. पण ते गिऱ्हाईक प्लांटच्या शेजारीच हवं, म्हणून जागा ठरवताना आधी चूल बघा.

तीन. ठेका बांधणीचा नको, चालवण्याचा द्या. बिलाचा मोठा हिस्सा पुढच्या दहा वर्षांत, प्रत्यक्ष जळलेल्या गॅसच्या मीटरवर द्या. जो ठेकेदार याला तयार होणार नाही, त्याचा स्वतःच्या टाकीवर विश्वास नाही असं समजा. तिथे काम करणाऱ्या माणसांना प्रशिक्षण, हातमोजे, वेळेवर पगार आणि कायम नेमणूक द्या. गाय धार देते ती ओळखीच्या हाताला.

चार. स्लरीचा भाव आणि वाटप आधी ठरवा. आसपासच्या शेतकऱ्यांशी आत्ताच बोला. स्लरी उचलली गेली नाही तर दोन महिन्यांत ती ओढ्यात जाईल, आणि मग खालच्या वाडीचे लोक प्लांट बंद करा म्हणून मोर्चा आणतील. बरोबरच करतील.

यातलं काहीच जमणार नसेल तर प्रामाणिकपणे सांगा आणि साधे कंपोस्टचे खड्डे करा. कंपोस्ट बंद प्लांटपेक्षा शंभर पटीने बरं. मला विजेचे आकडे नकोत. डेपोला उन्हाळ्यात लागणारी आग आणि त्या धुरात खोकणारी पोरं थांबली, तरी पैसे वसूल झाले म्हणेन.

आता एक गोष्ट आपल्या सगळ्यांबद्दल. 'लोक कचरा वेगळा करत नाहीत' असं अधिकारी म्हणतात, त्यात तथ्य आहे. माझ्याच घरी दोन डबे आहेत आणि घाईच्या सकाळी काय कुठे पडतं हे बायको सांगू शकेल. पण आपण वेगळा केलेला कचरा घंटागाडीवाला एकाच कप्प्यात ओततो, हेही तुम्ही रोज बघता. एकदा बघितलं की दुसऱ्या दिवशी कोण कष्ट घेईल? सवय दोन्हीकडून लागायला हवी, आणि गाडी नगरपरिषदेची आहे म्हणून सुरुवात त्यांनी करावी.

माझ्याकडून एवढं करतो. नवा प्लांट झाला तर दर महिन्याच्या एक तारखेला तिथे जाणार आणि गेल्या महिन्यात किती दिवस गॅस जळला हे इथेच लिहिणार. तीस पैकी किती, एवढाच आकडा. उद्घाटनाची बातमी या वेळी दुसऱ्या कुणी केली तरी चालेल.

सभा शुक्रवारी सकाळी ११ वाजता आहे. प्रेक्षक म्हणून बसता येतं, कुणी अडवत नाही. दहा-पंधरा जण जरी आलात तरी सातवा विषय पाच मिनिटांत संपणार नाही. आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला आज-उद्या भेटलात तर एकच विचारा, जुन्या टाकीवर झाकण बसलं का?